आधी व्हाउचर, मग पोस्टिंग

२३ नोव्हेंबर २०२२ ची रात्र मला विसरता येत नाही. जेवण आटोपून मी मांजरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर शतपावली घालीत होतो. खिशातला फोन थरथरला. विक्रम गोखले गेले. पाठोपाठ दुसऱ्या गटावर तेच, मग तिसऱ्या, मग चौथ्या. गोखले दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात आहेत आणि प्रकृती बरी नाही, हे पुण्यातल्या नाटकवेड्यांना काही दिवसांपासून ठाऊक होते. त्यामुळे शंका घ्यावी असे मनातही आले नाही. मनात आला तो 'बॅरिस्टर'. कॉलेजात असताना मी तो पाहिला होता आणि वाक्य बोलण्याआधी हा नट जो थांबतो, त्या थांबण्याचे तिकीट वेगळे लावायला हवे, असे मित्रांना सांगत सुटलो होतो.

आमच्या भागात आम्हा दहा-बारा हौशी माणसांचा एक नाट्यगट आहे. वर्षाला एक एकांकिका, दोन-तीन अभिवाचने, एवढाच पसारा. मी त्याचा खजिनदार. गटाचे फेसबुक पेज सांभाळणाऱ्या मुलीची परीक्षा चालू होती, म्हणून त्या आठवड्यात तेही काम माझ्याकडे आले होते. गच्चीच्या कठड्याला टेकून मी अकरा मिनिटांत श्रद्धांजली लिहिली आणि पेजवर टाकली. एरवी आमच्या पेजवर वीस-पंचवीस अंगठे उमटले तर डोक्यावरून पाणी. त्या रात्री तासाभरात दोनशेच्या वर गेले. इतक्या दुःखातही तो आकडा चढताना पाहून मला बरे वाटत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण आता खोटे लिहून काय करू?

पहाटे कळले, गोखले हयात आहेत. त्यांच्या कुटुंबीयांनीच सांगितले होते, की प्रकृती चिंताजनक आहे, ते कृत्रिम श्वसनयंत्रावर आहेत, पण ते आहेत. आदल्या रात्री माझ्यासारख्या अनेकांनी, त्यात मोठमोठी नामवंत मंडळीही होती, त्यांना जिवंतपणी निरोप देऊन टाकला होता. आत अतिदक्षता विभागात माणूस झुंजतोय आणि बाहेर बसलेल्या बायको-मुलींच्या फोनवर सांत्वनाचे निरोप येताहेत, या चित्रात माझ्याही अकरा मिनिटांचा वाटा होता. मी चूपचाप ती पोस्ट पुसून टाकली. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, गोखले खरोखर गेले. वय सत्त्याहत्तर. अंत्यदर्शनासाठी पार्थिव बालगंधर्व रंगमंदिरात ठेवले होते. मी मांजरीहून गेलो, रांगेत उभा राहिलो. श्रद्धांजलीचा मजकूर मात्र त्या दिवशी माझ्याकडून लिहून झाला नाही. तो खर्च होऊन गेला होता.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की मी छत्तीस वर्षे एका बँकेत नोकरी केली आहे आणि 'पोस्टिंग' हा शब्द फेसबुकच्या जन्माआधी वीस वर्षे माझ्या तोंडात होता. फेसबुक २००४ चे. मी १९८४ साली कारकून म्हणून लागलो. तेव्हा पोस्टिंग म्हणजे खातेवहीत नोंद करणे. काउंटरवर व्हाउचर यायचे, त्यावर रक्कम, तारीख, सही. ते समोर ठेवून मी लेजरमध्ये नोंद करायची. मग लेजर आणि व्हाउचर दोन्ही पलीकडच्या टेबलावर जायचे. तिथे बसलेला अधिकारी नोंद ताडून पाहायचा आणि आपली आद्याक्षरी करायचा. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. लिहिणारा कितीही हुशार असो, त्याने स्वतःची नोंद स्वतः तपासायची नाही, हा दंडक. माझे पहिले साहेब म्हणत, "अरे, तुझ्यावर अविश्वास नाही. पण घाईवर माझा विश्वास नाही."

त्या रात्री माझ्याकडे व्हाउचर काय होते? चार गटांवरचे चार निरोप. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाच व्हाउचरच्या चार झेरॉक्स. त्या चौघांपैकी कोणीही रुग्णालयात नव्हते, कोणी घरच्यांशी बोललेले नव्हते. निधनाच्या वार्तेला व्हाउचर एकच: कुटुंबाचे किंवा रुग्णालयाचे निवेदन. ते येईपर्यंत थांबले तर काय बुडते? वर्तमानपत्राला अंक छापायची वेळ असते, वाहिनीला स्पर्धा असते. मांजरीतल्या नाट्यगटाला रात्री सव्वादहा वाजता कसली घाई होती? घाई एकच होती, की आपण मागे पडू नये. शोकातसुद्धा.

त्यानंतर मी ठरवले, की कलावंतांनी आणि कलासंस्थांनी या नव्या माध्यमात कसे वागावे, याचा बँकेच्या टेबलावरून विचार करून पाहावा. गटातल्या तरुण मंडळींना त्याचे हसू आले. "काका, तुम्ही फेसबुकची शाखा उघडायला निघालात," असे त्या परीक्षावाल्या मुलीने ऐकवलेही. पण तिनेच मला एक गोष्ट सुनावली, आणि ती बिनतोड होती. "काका, तुम्ही पोस्ट पुसलीत. दुरुस्ती कुठे टाकलीत? ज्या दोनशे माणसांनी ती वाचली त्यांना कोण सांगणार?"

लेजरमध्ये चूक झाली तर आम्हाला खोडरबर वापरायला बंदी होती. ब्लेडने खरवडणे म्हणजे तर गुन्हाच. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. चूक झाली हे दिसले पाहिजे आणि कोणी दुरुस्त केली तेही दिसले पाहिजे. हा नियम मी शेकडो कारकुनांना शिकवला होता. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा खरवडून मोकळा झालो! पुसलेली पोस्ट कुठे ना कुठे कोणीतरी फोटो काढून ठेवलेली असतेच, हा भाग वेगळा. पण ती कोणाच्याच हाती नसती, तरी वाचणाऱ्यांचे देणे राहतेच. कार्यक्रमाची वेळ चुकली, गायिकेचे नाव चुकले, दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून गेला, तर त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे 'आमची चूक झाली' असे लिहावे. वर्तमानपत्रे चुकभूल छापतात. संस्थांना त्याची लाज का वाटावी?

आता जाहिरातीकडे येतो, कारण संस्थांचे या माध्यमातले निम्मे काम जाहिरातीचेच असते. कलावंताने जाहिरातीत थोडे फुगवून सांगू नये, असे म्हणणारा मी सोवळा नाही. आपल्या चित्रपटाचा पायाच एका झकास जाहिरातीवर आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' सुरतेला लागला तेव्हा पहिल्या खेळाला गल्ला जेमतेम तीन रुपये जमला, असे सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणारी ती माणसे, दीड तासासाठी तीन आणे कशाला मोजतील? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत! मग लोक आले.

बँकेची खोड जात नाही म्हणून मी एकदा हा हिशेब मांडून पाहिला. त्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले की साडेतीन हजार फुटांच्या थोडे वर येते. मैल म्हणजे ५२८० फूट. म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दादासाहेबांनी लांबी तिप्पट केली होती! पण त्यांना माफ आहे. जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला दिसत होते आणि खेळ कुठे, कितीला, हे खरे होते. योगायोग पाहा, त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी.

मराठी नाटकांच्या जाहिरातींचा वर्तमानपत्रातला स्तंभ हे तर आमच्या पिढीचे शनिवार-रविवारचे पंचांगच होते. चौकट बोटभर. जागेचे पैसे सेंटीमीटरवर. त्यामुळे एकही शब्द वायफळ नाही, आणि आवश्यक तो एकही वगळलेला नाही: नाटक, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, वार, तारीख, नाट्यगृह, दु. १२.३० की रात्रौ ९.३०, प्लॅन कधी सुरू. आज जागा फुकट आहे, अमर्याद आहे, रंगीत आहे, आणि नेमकी तारीख गायब असते. "येत्या रविवारी अवश्य या!" कोणता रविवार? हा निरोप गटागटांतून फिरत राहतो आणि दोन वर्षांनी कोणाच्या तरी फोनवर पुन्हा ताजा होऊन उगवतो. वार आहे तर तारीख नाही, तारीख आहे तर साल नाही. मागे अशाच एका सुरेख चित्रावर भुलून मी आणि सौ. दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सभागृहात पोहोचलो. दाराला कुलूप. पहारेकऱ्याने सांगितले, "तो कार्यक्रम पुढे ढकलला, टाकलंय की त्यांनी इन्स्टाग्रामवर." सौ.कडे इन्स्टाग्राम नाही. संस्थेचे नाव सांगत नाही. माणसे चांगली आहेत.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्याकडे आहे, द्राक्ष संशोधन केंद्र आमच्याकडे आहे, पण नाटक पाहायला निदान हडपसर तरी गाठावे लागते, आणि बहुतेक वेळा थेट टिळक रस्ता, जंगली महाराज रस्ता किंवा कोथरूड. आमच्यासारख्या शहराच्या कडेला राहणाऱ्या रसिकाचा एक कार्यक्रम म्हणजे अख्खी संध्याकाळ, दोन माणसांचे भाडे आणि कधीकधी शेजारणीकडे ठेवलेला नातू. संस्थेने चित्रावर आठ अंक नीट लिहिले, तर या सगळ्याचा मान राखला जातो. ढकललेल्या कार्यक्रमाची बातमी तर जितक्या ठिकाणी निमंत्रण गेले तितक्या ठिकाणी गेली पाहिजे, आणि ज्यांनी तिकिटे काढली त्यांना फोन.

नावांचे तसेच. आमच्या गटाच्या जुन्या पोस्टी मी चाळल्या. नटांची नावे सगळीकडे, प्रकाशयोजना करणाऱ्याचे तीनदा नाही, नेपथ्य उचलणाऱ्या पोरांचे एकदाही नाही. फोटो कोणी काढला, हे कुठेच नाही.

किल्ल्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. कारण यात एका संस्थेची आठवण पुसली जाण्याचा धोका असतो.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एक एकटा आला तर दार उघडत नाही. कोणी रजेवर गेला तर किल्ली सोपवल्याची नोंद रजिस्टरमध्ये, दोघांच्या सह्यांनिशी. आणि दुसरा जोड सीलबंद पाकिटात भलत्याच शाखेत ठेवलेला. हा सगळा खटाटोप माणूस चोर आहे म्हणून नव्हे. माणूस आजारी पडतो, बदलीवर जातो, मरतो, म्हणून.

आमच्या गटाचे पहिले पेज एका उत्साही मुलाने उघडले होते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कॉलेजच्या काळातल्या फोन नंबरावर. सात वर्षांचे फोटो, तालमींच्या चित्रफिती, आमच्यातल्या दोघा दिवंगत सभासदांचे आवाज त्यावर होते. मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला. तो नंबर बंद झाला आणि कंपनीने तो दुसऱ्या कोणाला तरी दिला. एक दिवस पासवर्ड चालेना. पासवर्ड बदलण्याचा संकेतांक त्या जुन्या नंबरावर, म्हणजे कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ लागला. मुलगा बिचारा तिकडून रात्र-रात्र जागून खटपट करीत राहिला. पेज आजही आहे. दिसते. आम्हाला आत जाता येत नाही. स्वतःच्याच घराच्या काचेतून आत पाहावे, तसे आम्ही ते अधूनमधून पाहतो. त्या दोघांचे आवाज आमच्यापाशी दुसरीकडे कुठेही नव्हते.

आणि किल्ली हाती असली तरी घर आपले नाही, हे तर त्याहून मोठे दुखणे. या सगळ्या जागा भाड्याच्या आहेत. भाडे पैशात द्यावे लागत नाही म्हणून आपण ते विसरतो. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गूगल प्लस २०१९ साली. त्याच २०१९ साली मायस्पेस नावाच्या, एके काळी जगभरच्या नव्या गायक-वादकांच्या आवडत्या ठिकाणाने जाहीर केले, की सामानाची हलवाहलव करताना २०१५ पर्यंत चढवलेले संगीत नाहीसे झाले आहे. पाच कोटींच्या वर गाणी. अनेकांकडे दुसरी प्रत नव्हती. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. तिची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यावर मला बोलायचे नाही. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या नाच्या-गात्या पोरांना तिथे पहिल्यांदा प्रेक्षक भेटला होता, त्यांचा तो प्रेक्षक रातोरात परागंदा झाला. कोण कुठला, याचा पत्ता त्यांच्यापाशी नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा तर कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे दाराला चालेनात, अशा बातम्या आल्या होत्या. त्यांच्याही किल्ल्या आतच राहिल्या!

तेव्हा आता आमच्या गटात असे आहे. नवे पेज संस्थेच्या नावाने, दोघांच्या ताब्यात. गटाचा स्वतःचा इमेल, त्याचाच वापर सगळीकडे. पासवर्ड शिवाय फोनवर येणारा संकेतांक, अशी दुहेरी तपासणी. आणि फोन हरवला तर वापरायचे जे राखीव संकेतांक मिळतात ते छापून, पाकिटात सील करून, आमच्या सचिवांच्या कपाटात. दर सहा महिन्यांनी सगळे फोटो आणि चित्रफिती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. आणि एक साधी दोनशे पानी वही. प्रयोगाला येणाऱ्याने स्वखुशीने आपले नाव, फोन नंबर लिहायचा. त्या वहीत आज चारशेच्या आसपास रसिक आहेत. जगातली सगळी पेजे उद्या बंद पडली तरी आम्ही त्यांना बोलावू शकतो.

अंगठ्यांचा हिशेबही आता आम्ही वेगळा करतो. बँकेत ३१ मार्च जवळ आला की ठेवी फुगवण्याची धांदल उडायची. ओळखीच्या व्यापाऱ्याला गळ घालायची, "शेठ, चार दिवस पैसे आमच्याकडे ठेवा." ३१ तारखेला आकडा डोळे दिपवणारा, आणि पाच एप्रिलला शेठचे पैसे परत. वरच्या साहेबाला ठाऊक असायचे, त्याच्या वरच्यालाही. एका प्रकाशकांनी मला मध्यंतरी विचारले, "आपले फॉलोअर किती?" माझ्या कादंबरीचे हस्तलिखित त्यांच्या टेबलावर होते, त्याची दोरी अजून सुटली नव्हती. मी म्हणालो, "आपण मला मार्च एंडिंगचा आकडा विचारताय." त्यांना ते कळले नाही, बँकेत असते तर कळले असते. विकत घेतलेले अनुयायी, भाडोत्री कौतुक, एकमेकांना टाळ्या देण्याचे करार, हे सगळे शेठचे पैसे. आमच्या गेल्या प्रयोगाच्या चित्राला साडेचारशे अंगठे मिळाले आणि प्रत्यक्ष माणसे आली बासष्ट. त्यातली एकोणपन्नास वहीतली.

म्हणून हे माध्यमच वाईट, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. २०२० साली नाट्यगृहांना कुलपे होती तेव्हा हृषीकेश जोशी आणि मंडळींनी 'मोगरा' इंटरनेटवरून सादर केले आणि त्याला 'नेटक' असा खुसखुशीत शब्दही दिला. ज्यांचा दर शनिवार-रविवारचा चूलखंड बंद झाला होता त्यांच्याकडे त्या दिवसांत फोन सोडून होते काय? उपकाराची जाणीव असावी.

पण तोच फोन प्रेक्षागृहात काय करतो हेही दिसते. २०१९ साली नाशिकला 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग चालू असताना फोन वाजत राहिले म्हणून सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला. त्याच वर्षी 'अश्रूंची झाली फुले'च्या वेळी सुबोध भावे इतके वैतागले, की असेच चालणार असेल तर नाटकात काम न केलेले बरे, असे त्यांनी फेसबुकवर लिहिले. फोनविरुद्धची तक्रार फोनवरूनच करावी लागली! चोरून चित्रण करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क म्हणून वेगळी तरतूद आहे. गायक, नट, नर्तक यांच्या सादरीकरणावर तो पन्नास वर्षे असतो. त्यांना न विचारता ते ध्वनिचित्रित करून जगभर वाटता येत नाही. हा कायदा आयोजकांनाही लागू आहे. मानधन दिले म्हणजे बैठकीचे चित्रण यूट्यूबवर टाकायचा परवाना मिळाला, असे नव्हे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची मंडळी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तारीख ठरते, रक्कम ठरते. त्याच बैठकीत चित्रणाचा एक शब्द घालायला काय हरकत आहे? आमच्या गटाने एवढेच केले आहे, की नाटक संपल्यावर सगळे कलाकार पुन्हा रांगेत उभे राहतात आणि सूत्रधार म्हणतो, "आता काढा फोटो, हवे तितके." मग लोक मधे काढत नाहीत. निदान कमी काढतात. बालनाट्यातल्या मुलांचे फोटो मात्र आईवडिलांच्या लेखी संमतीवाचून आम्ही टाकत नाही, आणि टाकले तरी मुलाचे पूर्ण नाव आणि शाळा लिहीत नाही. एका आईने विचारले, "एवढं काय त्यात?" आम्ही तिला समजावले, तिने सही केली नाही. मुलाचा फोटो टाकला नाही. संपले.

परवा रात्री अकराच्या सुमारास फोन थरथरला. अजूनही त्या वेळेला फोन थरथरला की माझ्या पोटात गोळा येतो. पण निरोप आमच्या त्या मुलीचा होता. तिची परीक्षा केव्हाच संपली आहे, आता ती नोकरी करते आणि गटाचे पेजही सांभाळते. पुढच्या प्रयोगाचे चित्र तिने पाठवले होते. खाली लिहिले होते, "काका, व्हाउचर पाठवलंय. आद्याक्षरी करा, मग सकाळी टाकते."

मी चष्मा लावून गच्चीवरच्या दिव्याखाली गेलो. वार होता, तारीख होती, साल होते. नाट्यगृह, वेळ, तिकिटाचा दर, फोन. लेखक, दिग्दर्शक, नट, प्रकाशयोजना. नेपथ्य उचलणाऱ्या तिन्ही पोरांची नावे होती. तारीख आणि वार जुळतात का, म्हणून मी कॅलेंडर काढले. जुळत नव्हते. तिने शनिवार लिहिला होता आणि त्या तारखेला रविवार होता.

"रेघ मार," मी लिहिले, "आणि पुन्हा पाठव."